हसवणाऱ्याचा मान
जपानच्या गल्लीतून रंगमंचावर आलेल्या क्लॅरिनेट-ढोलाच्या फिरत्या पथकांची कहाणी

पुढे कागदी छत्री लावलेला ढोल, मागे दुसरा मोठा ढोल, आणि त्यांच्या सोबतीला क्लॅरिनेट. तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर खोटा अंबाडा, अंगात भडक किमोनो आणि पाठीवर कुठल्यातरी दुकानाची पाटी. असे तिघे जण वाजवत, नाचत, कोट्या करत गल्लीतून निघाले की घराघरांची दारे उघडतात आणि पोरे मागे धावतात. जपानमध्ये या फिरत्या पथकाला 'चिंदोन-या' म्हणतात. रस्त्यावर वाढलेली ही कला आज रंगमंचावरही रंगते. तिकीट काढून लोक हा विनोदी खेळ पाहायला जातात.

वाचक बंधू-भगिनींनो, इतक्या दूरच्या देशातल्या बँडवाल्यांची गोष्ट आपल्या कुटुंबात बसून का वाचायची? कारण ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लोकांना हसवणारा आणि लोकांसाठी वाजवणारा माणूस कुठल्या पायरीवर उभा असतो, हा प्रश्न तिथेही होता आणि आपल्या गावातही होता.

नाव कसे पडले?

गळ्यात पट्टा अडकवून पोटासमोर एक लाकडी चौकट धरायची. त्या चौकटीत एक लहान ढोल, एक त्याहून मोठा ढोल आणि वाटीसारखी लहान पितळी थाळी बसवलेली असते. थाळीवर टोला पडला की 'चिन्', ढोलावर पडला की 'दोन्'. त्यावरून झाले 'चिंदोन'. आणि 'या' म्हणजे तो धंदा करणारा, आपल्याकडच्या 'वाला'सारखा. दुसऱ्या माणसाकडे जो मोठा ढोल असतो त्याला 'गोरोस' म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतून तिथे गेला. तिसरा माणूस सूर धरतो. त्याच्या हाती बहुधा क्लॅरिनेट असते, कधी सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट.

क्लॅरिनेटच का? त्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. हे वाद्य हलके आहे, चालता चालता वाजवता येते आणि त्याचा आवाज ढोलाच्या गदारोळातूनही वर येतो. शिवाय ते माणसासारखे बोलते. रडायला लावते आणि खिंकाळून हसायलाही लावते. रस्त्याने जाणारा तर डोळ्यांनी पाहतोच, पण घरात भिंतीआड बसलेली म्हातारी, चुलीपुढची बाई, आजारी माणूस यांच्यापर्यंत सूर पोहोचवायचा असतो. ते काम क्लॅरिनेटवाल्याचे.

एका गोळीवाल्यापासून सुरुवात

या धंद्याचा उगम ओसाका शहरात सांगतात. साधारण १८४५ च्या सुमारास तिथे 'आमेकात्सु' नावाने ओळखला जाणारा एक गोड गोळ्या विकणारा होता. त्याचा आवाज खणखणीत आणि बोलणे मिश्किल. त्याचा आवाज ऐकून लोक जमतात हे पाहून, खेळ करणाऱ्या थिएटरांची जाहिरात तो करू लागला. पुढे अशा लोकांना 'तोझाई-या' हे नाव पडले. 'तोझाई' म्हणजे पूर्व-पश्चिम. चारी दिशांच्या लोकांनो, इकडे लक्ष द्या, अशी ती आरोळी.

आपल्या वाचकांना इथे दवंडी आठवेल. 'ऐका हो ऐका' म्हणत गावभर फिरायचे काम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत कोणाच्या वाट्याला होते, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा. फरक एवढाच की आमेकात्सुला त्याचे पैसे मिळत. आपल्या पूर्वजांना ते वतनाचे काम म्हणून करावे लागे आणि मोबदल्यात शिळी भाकरी पदरात पडे.

१८८० च्या दशकात जपानमध्ये जाहिरातीसाठी पाश्चात्य वाद्यांचे बँड रस्त्यावर आले. लष्करी बँडमुळे पितळी वाद्ये आणि क्लॅरिनेट लोकांच्या कानावर पडू लागली होती. जुनी जपानी थाळी-ढोल आणि परदेशी क्लॅरिनेट यांची गाठ पडली ती अशी.

बोलपट आला आणि पोटावर पाय पडला

मूकपटाच्या काळात थिएटरात पडद्यासमोर वाजवणारे वादक असत. जपानमध्ये चित्र चालू असताना गोष्ट रंगवून सांगणारे निवेदकही असत. त्यांना 'बेन्शी' म्हणत. मग पडदाच बोलू लागला. १९३१ साली जपानचा पहिला यशस्वी बोलपट आला. त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईत 'आलम आरा' झळकला. दोन्ही देशांत पडद्यासमोर वाजवणाऱ्यांच्या हातचे काम गेले.

जपानमधले बेकार झालेले अनेक वादक आणि निवेदक रस्त्यावर आले आणि चिंदोन पथकांत सामील झाले. म्हणून या पथकांत एकाच वेळी चांगला क्लॅरिनेटवाला आणि चांगला बोलणारा मिळू लागला. आज रंगमंचावर जो खेळ दिसतो त्याची बांधणी तेव्हाच्या बेकारीतून झाली. गिरणी बंद पडल्यावर हातातले कसब घेऊन नवा रस्ता शोधणारा कामगार आपल्याला नवीन नाही.

युद्धाच्या काळात अशा करमणुकीवर बंदी आली. युद्ध संपल्यावर मात्र दुकाने पुन्हा उघडू लागली आणि चिंदोन-याला बरे दिवस आले. पुष्कळ पथके नवरा-बायकोची होती. बाई पुढे उभी राहून चिंदोन ढोल वाजवायची आणि सगळे पथक तिच्या ठेक्यावर चालायचे. आजही नावाजलेल्या चिंदोन वादकांत स्त्रिया आहेत, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगावे.

तोयामाचा रंगमंच

तोयामा हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शहर. दारोदार औषधे विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध. १९४५ च्या ऑगस्टच्या आरंभी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात हे शहर जवळजवळ संपूर्ण जळाले. शहर पुन्हा उभे राहत असताना लोकांच्या चेहऱ्यावर हसू यावे आणि बाजार पुन्हा भरावा म्हणून १९५५ साली तिथे अखिल जपान चिंदोन स्पर्धा सुरू झाली. एप्रिल महिन्यात, साकुराची फुले बहरात असताना ती भरते. देशभरातून पथके येतात. व्यावसायिक पथके वेगळी आणि हौशी वेगळी.

स्पर्धेतला खेळ मोठा मजेदार असतो. एका पथकात बहुधा तिघे, आणि वेळ थोडा. तेवढ्यात त्यांनी एखाद्या दुकानाची किंवा मालाची जाहिरात करायची. पण जाहिरात नुसती करून भागत नाही, लोक हसले पाहिजेत. मग कोणी लटपटणारा सामुराई बनतो, कोणी पुरुष नटव्या बाईचा वेष घेतो. शब्दावर कोट्या होतात. विनोद पडला तर क्लॅरिनेट केविलवाणा सूर काढते आणि त्यावरच मोठा हशा पिकतो. ढोलाचा ठेका मात्र चुकत नाही. हसवण्याचे काम बेशिस्तीने होत नाही, हे तिथे कळते.

या स्पर्धेने एक मोठी गोष्ट केली. गल्लीत फिरणाऱ्या माणसाला तिने व्यासपीठ दिले, परीक्षक दिले, टाळ्या दिल्या. टीव्ही आल्यावर आणि रस्त्यावर मोटारींची गर्दी वाढल्यावर १९६० नंतर हा धंदा आटत गेला. तरी कला टिकली. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकलेले हायाशी कोजिरो याच कलेकडे वळले आणि १९८० च्या दशकात त्यांनी ओसाकात स्वतःचे पथक काढले. पदवी घेतलेला तरुण रस्त्यावरच्या ढोलाकडे वळला, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असणार! त्यांच्या पथकाने गल्ली सोडली नाही आणि रंगमंचही गाजवला.

हशा आणि हेटाळणी

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ज्याला पाहून लोक हसत, त्यालाच लोक हिणवतही. भडक कपडे घातलेल्या माणसाला 'चिंदोन-यासारखा दिसतोस' असे टोचून बोलत. शाळकरी पोरे एकमेकांना चिडवताना हा शब्द शिवीसारखा वापरत. काम संपल्यावर रंग पुसून गुपचूप घरी जाणारे वादकही होते.

ही नजर कुठून आली? जपानमध्येही जन्मावरून उच्चनीच मानण्याची रूढी होती. कातडी कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे, खाटीककाम करणारे लोक वेगळ्या वस्तीत ठेवले जात. दारोदार खेळ करून मागणाऱ्यांनाही समाजाच्या बाहेरचे मानत. १८७१ साली सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला. पण कायदा झाला म्हणून मन बदलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या लोकांना पुढे 'बुराकू' म्हणू लागले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्यांनी 'सुईहेईशा' ही आपली संघटना स्थापन केली. सर्व माणसे एका पातळीवर, असा त्या नावाचा भाव. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ साली, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. ही दोन माणसे, हे दोन देश एकमेकांपासून किती दूर! पण दुखणे एकच.

चिंदोन-या चालवणारे सगळे बुराकू होते असे मुळीच नाही. त्यांत निरनिराळ्या थरांतले गरीब होते. पण रस्त्यावर कला करून पोट भरणाऱ्याकडे पाहण्याची जी जुनी नजर होती, ती त्यांनाही चिकटली.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. जपान हा बुद्धाला मानणारा देश. तरीही कित्येक विहारांनी बुराकू माणसाच्या मृत्यूनंतर त्याला हीनपणा दाखवणारे नाव दिले आणि ते त्याच्या थडग्यावर कोरले. पुढे बुराकू चळवळीने जाब विचारला, तेव्हा तिथल्या बौद्ध संघांना आपली चूक मान्य करावी लागली. घरात बुद्धमूर्ती आहे म्हणून मनातला भेद आपोआप जात नाही. तो घालवावा लागतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या याच कारणाने.

कोबेच्या राखेत क्लॅरिनेट

१९८८ च्या सप्टेंबरात जपानचे सम्राट गंभीर आजारी पडले आणि १९८९ च्या जानेवारीत वारले. त्या महिन्यांत देशभर सण-समारंभ आणि गाजावाजाचे कार्यक्रम रद्द झाले. राजवाड्यात आजारपण आले आणि रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्याची चूल थंडावली.

पण दुःखाच्या वेळी वाजवायचे नसते, हे खरे आहे का? त्याचे उत्तर सहा वर्षांनी मिळाले. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहरात मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसे गेली. नागाता भागात चपला-बूट बनवणारे लहान कारखाने आणि कामगारांची दाट घरे होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोरियन लोक होते. आगीत तो भाग होरपळून निघाला.

त्या वेळी रॉक संगीत वाजवणाऱ्या काही तरुणांनी आपली विजेची वाद्ये बाजूला ठेवली. वीज होती कुठे? त्यांनी चिंदोन ढोल घेतला, कोरियन ढोल घेतला, ओकिनावा बेटांवरचे तंतुवाद्य घेतले. ओकुमा वातारू यांनी क्लॅरिनेट धरले. 'सोल फ्लॉवर मोनोनोके समिट' या नावाने हे पथक निर्वासितांच्या छावण्यांत फिरू लागले. छावणीतल्या म्हाताऱ्यांना नवी गाणी नको होती. त्यांना तरुणपणी ऐकलेली गाणी हवी होती. जपानी, कोरियन, ओकिनावाची, सगळी गाणी वाजली. घर गेलेली माणसे रडली, टाळ्या पिटल्या आणि हसलीसुद्धा. पुढे २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली आणि अणुवीज नको म्हणून तोक्योत मोर्चे निघाले, तेव्हा मोर्च्यातही चिंदोनचे ढोल आणि क्लॅरिनेट होते.

दुकानदाराचा माल विकण्यासाठी जन्मलेले वाद्य असे माणसांच्या कामी आले.

तालपुटाचा प्रश्न

हसवण्याचे काम चांगले की वाईट? हा प्रश्न तथागतांनाही विचारला गेला होता. संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटाची कथा आहे. तो मोठ्या फिरत्या नाटकमंडळीचा प्रमुख होता. त्याच्या गुरूंनी त्याला सांगितले होते की जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवतो, त्याला मेल्यावर हसणाऱ्या देवांची संगत मिळते. हे खरे का, असे त्याने बुद्धांना विचारले. दोनदा बुद्धांनी हे विचारू नकोस म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र स्पष्ट उत्तर दिले. लोकांच्या मनात आधीच राग, द्वेष आणि मोह आहेत. ते वाढवणारा खेळ जो करतो, तो स्वतःचेही आणि इतरांचेही अहित करतो. हे ऐकून तालपुट रडला. आपल्या गुरूंनी आपल्याला इतकी वर्षे फसवले म्हणून तो रडला. पुढे तो भिक्खू झाला आणि अर्हत पदाला पोहोचला. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

या कथेवरून कोणी म्हणेल की धम्मात हसायला बंदी आहे. तसे नाही. हसू कशाला खतपाणी घालते, एवढेच तपासायचे. लंगड्याची नक्कल, काळ्या बाईची थट्टा, जातीवरून टोमणे यांनी द्वेष वाढतो. लटपटणाऱ्या सामुराईला पाहून येणारे हसू मात्र माणसाला मोकळे करते, कारण तिथे हसू तलवारीच्या मिजाशीचे असते, गरिबाचे नसते.

आपल्या जलशांनी हेच केले

हा धडा आपल्या लोकांनी प्रत्यक्षात आणून दाखवला आहे. तमाशा उभा केला तो बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी. त्यातला सोंगाड्या लोकांना पोट धरधरून हसवायचा, पण खेळ संपल्यावर त्याला गावाबाहेरच झोपायचे असे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यातले ठळक नाव. त्यांनी तमाशाची ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, सोंगाड्याची बतावणी ठेवली. पण हसू कोणावर, हे बदलले. आता हशा भटजीच्या लबाडीवर, सावकाराच्या वहीवर आणि अंधश्रद्धेवर पिकू लागला. ज्याला लोक हसत, तोच आता हसवू लागला आणि विचारही करायला लावू लागला.

त्याच काळात अनेक गावांत आपल्या आजा-पणजांनी सक्तीचे वाजवणे बंद केले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा म्हणून सांगितले होते. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. गावकीच्या हुकुमाने वाजवायचे नाही, हा निर्धार योग्यच होता. पण त्यांनी कलेला रजा दिली नाही. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग घराघरांत राहिले आणि त्यांवर वामनदादा कर्डकांसारख्यांची भीमगीते वाजली. सोडली ती लाचारी. सूर सोडला नाही.

आपल्या दारातला बँडवाला

शेवटी थोडे स्वतःच्या घराकडे पाहू. चौदा एप्रिलची मिरवणूक असो की मुलीचे लग्न, आपण बँड पार्टी बोलावतो. लाल कोट घातलेला क्लॅरिनेटवाला तास न् तास उन्हात उभा राहून वाजवतो. त्याच्या मागे दिव्यांचे झाड डोक्यावर घेतलेल्या बाया-पोरे चालतात. हे लोक कोण असतात? कोणी मातंग, कोणी मुसलमान, कोणी भटके, कोणी आपलेच बौद्ध. दिवसा गवंड्याच्या हाताखाली आणि रात्री बँडात, असे त्यांचे जगणे असते.

त्यांना आपण कसे वागवतो? ठरलेल्या पैशांतून शेवटी दोनशे-पाचशे कापतो का? दारू प्यायलेला पाहुणा त्यांच्या अंगावर नोटा फेकतो तेव्हा त्याला आवरतो का? जेवणाची पंगत बसते तेव्हा ते आपल्यासोबत बसतात, की उरलेसुरले त्यांच्यापुढे सारले जाते? आपल्या पूर्वजांनी जी भाकरी नाकारली, तीच भाकरी आपण दुसऱ्याच्या हातावर ठेवू नये.

यासाठी मोठा ठराव करायला नको. वस्तीतल्या मंडळाने एवढे तरी ठरवावे:

ठरलेली रक्कम पूर्ण द्यावी, आणि वाजवणे संपताच द्यावी.

बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवावे, आणि दिवे वाहणाऱ्या बाया-पोरांनाही.

नोटा अंगावर फेकू नयेत. बक्षीस द्यायचे तर हातात द्यावे आणि जयभीम म्हणावे.

वर्षातून एकदा तरी विहारासमोर वस्तीतल्या वादकांचा कार्यक्रम ठेवावा. त्यांनी उभे राहून नव्हे, खुर्चीवर बसून वाजवावे, आणि त्यांचे नाव माईकवरून पुकारावे.

तोयामाच्या लोकांनी जळालेल्या शहरात गल्लीतल्या हसवणाऱ्याला व्यासपीठ दिले. आपल्या वस्तीत विहार आहे, अंगण आहे, जयंतीचा मांडव आहे. त्यात क्लॅरिनेटवाल्यासाठी एक खुर्ची मांडायला कितीसा खर्च येतो?

जयभीम! नमो बुद्धाय!